पान एक्केचाळीस

त्या गुरुवारी नानांनी सकाळच्या पोळीला ‘रिवर्क’ म्हटलं, दुपारी डॉक्टरांनी दिलेल्या गोळीला ‘रिजेक्ट’ म्हटलं आणि संध्याकाळी पाच वाजता जेवणाच्या टेबलावर पोथीची गाठ सोडली. म्हणजे दिवस अगदी रोजच्यासारखा होता.

नाना, म्हणजे नीळकंठ गोपीनाथ खानझोडे, भोपाळच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते. टर्बाइनचा कुठलाही पुर्जा त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि त्यांच्या टेबलावर आलेला पुर्जा सहसा मागेच सरके. रिटायर होऊन इंद्रपुरीत घर बांधलं तरी त्यांची तपासणी काही थांबली नाही, पुर्जे तेवढे बदलले. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू एक तर रिजेक्ट होती, नाही तर रिवर्क, आणि क्वचित कधी पास. त्यांची मुलगी मनोरमा एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आली तेव्हा त्यांनी गुणपत्रक खिडकीशी नेलं, दोन्ही बाजूंनी उजेडात धरलं आणि म्हणाले, “पास.” परक्याला वाटलं असतं, हे तर कागदावरच छापलंय, यात सांगितलं काय. मनोरमाला मात्र आनंदानं त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

टेबलावरची पोथी कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या मराठी स्नेहवर्धक मंडळाच्या वाचनालयाची. नाना तिथले मानद ग्रंथपाल. छप्पन साली सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इकडे आलेल्या कुणा कुटुंबानं पुढे मंडळाला एक ट्रंक देऊन टाकली होती, तिच्या तळाशी ही निघाली. कुठल्याशा तीर्थाचं माहात्म्य, दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत शिळाप्रेसवर छापलेलं. आडवी सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापडाचं बासन. अक्षर छापाचं, पण चित्रांतले रंग आणि कडेच्या वेलबुट्टीतलं सोनं हातानं भरलेलं. पानं शहाण्णव. म्हणजे रजिस्टरात शहाण्णव. नानांनी मोजली तेव्हा पंच्याण्णव भरली. एक्केचाळिसावं नव्हतं.

दुसऱ्या कुणी रजिस्टरात ‘एक पान गहाळ’ असं लिहून चहा मागवला असता. नानांनी ते पान तयार करायला घेतलं. हीच पोथी नागपूरच्या एका ग्रंथालयात पुरी आहे असं कळल्यावर त्यांनी तिथल्या ग्रंथपालांना सव्वीस पोस्टकार्डं पाठवली. त्या गृहस्थांनी बहुधा सत्ताविसावं टाळण्यासाठी त्या पानाचं ट्रेसिंग करून धाडलं. पोथीच्या शेवटी मूळचीच दोन कोरी पानं होती, त्यांतलं एक नानांनी घेतलं, म्हणजे कागद तोच. सोनं चौकातल्या वर्खवाल्याकडचं. वर्ख इतका हलका की श्वास सोडला तरी उडे, म्हणून पंखा बंद. दोन वर्षं हे चाललं होतं आणि त्यात मे महिना दोनदा आला. भोपाळातला मे, जेवणाचं टेबल आणि बंद पंखा. लोणच्याच्या बरणीला चिकटलेलं सोनं घासूनही निघालेलं नव्हतं.

मनोरमाचा या उद्योगाला तात्त्विक विरोध होता. ती कारखान्याच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि घरी पुन्हा इतिहासच वाचायची. तिचं म्हणणं, हरवलं ते हरवलं, इतिहासात भोक असेल तर भोकच दाखवायचं असतं. नाना विचारायचे, “एक बोल्ट नसेल तर टर्बाइन तसंच फिरवायचं का?” हा वाद इतक्या वेळा झाला की शेवटी शेवटी दोघं नुसतंच ‘भोक’ आणि ‘बोल्ट’ म्हणून आपापल्या कामाला लागत.

त्या गुरुवारी नानांनी पान तिच्यापुढे धरलं. “झालं बहुतेक. बघ जरा.”

मनोरमापुढे सहामाहीचे बत्तीस पेपर होते आणि एकाच गाइडाच्या कृपेनं बत्तिसांनीही पानिपताची लढाई शंभर वर्षं उशिरा लढवली होती. मान वर न करता ती म्हणाली, “रविवारी बघते, नाना. नीट उजेडात.”

“बरं,” नाना म्हणाले. पान जागी घातलं, फळ्या जुळवल्या, बासनाची गाठ मारली.

शुक्रवारी सकाळी दुधाच्या बूथवर रांगेत उभे असताना ते गेले. रांगेत त्यांच्यापुढे एकच माणूस होता.

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. घरात परत करायच्या तीन वस्तू उरल्या: शेजारच्या लीलाकाकूंची दोन मोठी पातेली, कुणाची तरी सतरंजी आणि पोथी. पातेली आणि सतरंजी एका सकाळीच गेली. पोथी म्हणजे पंधरा मिनिटांचं काम, असं मनोरमाला वाटलं. मधे तीन रविवार येऊन गेले होते. बासनाची गाठ तिनं सोडली नव्हती. नानांनी मारलेली आहे तशीच परत द्यायची, आणि संपवायचं.

वाचनालय मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सात. नानांच्या जागेवर मंडळाचे सचिव दिगंबरराव आठल्ये बसले होते. दिगंबरराव नोकरीत असताना कारखान्याच्या आस्थापना विभागात होते आणि नियमांवर त्यांचं नातवंडांइतकंच प्रेम होतं. त्यांनी पोथीला नमस्कार केला, रजिस्टर उघडलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि चष्मा काढला.

“मनोरमाताई, ही परत घेता येत नाही.”

“का?”

“इश्यूच झालेली नाही ना. रजिस्टरप्रमाणे पोथी या क्षणी कपाट नंबर तीनमध्ये आहे.”

“कपाट नंबर तीन तुमच्या मागंच आहे. उघडून बघा.”

“मला दिसतंय हो. रजिस्टरला दिसत नाही, त्याचं काय करायचं?”

तेव्हा आधी इश्यू करायची आणि मग परत घ्यायची, असं ठरलं. इश्यू करायची नानांच्या नावावर. पण नानांचं सभासदत्व शोकसभेच्या ठरावाबरोबर संपलं होतं. ठरावात ‘मंडळाचे एक आधारस्तंभ’ असं लिहिलेलं होतं, पण आधारस्तंभांना पुस्तकं देण्याची घटनेत तरतूद नव्हती. मग मनोरमाच्या नावावर. दिगंबररावांनी सभासदांची वही काढली. ख मध्ये पाहिलं, म मध्ये पाहिलं, आणि मग तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिच्या पिशवीतून मंडळाची समई निघाली असावी.

“ताई, तुम्ही सभासदच नाही?”

शाळेत असल्यापासून तिनं हे वाचनालय डावीकडून उजवीकडे आणि मग पुन्हा उजवीकडून डावीकडे वाचून काढलं होतं. नानांच्या कार्डावर.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही…”

“वाचत होते.”

“नियमबाह्य,” दिगंबरराव दुःखानं म्हणाले.

फॉर्म भरायचा, दोन फोटो, दोन सभासदांची शिफारस. इंद्रपुरीतल्या फोटोवाल्यानं दिवे लावले आणि म्हणाला, “मॅडम, थोडा स्माइल.” त्यानं तीनदा सांगून पाहिलं. शेवटी जो फोटो निघाला तो पाहून दिगंबरराव म्हणाले, “पासपोर्टला चालेल.” दोन मंगळवार आणि एक शुक्रवार खर्ची पडल्यावर कार्ड हातात आलं. त्यावर ‘नवीन सभासद’ असा शिक्का होता आणि शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की नवीन सभासदास पहिले सहा महिने संदर्भग्रंथ मिळणार नाहीत.

“पोथी संदर्भग्रंथ आहे?” तिनं विचारलं.

“अर्थात.”

“म्हणजे मी ती नेऊ शकत नाही, म्हणून मी ती परत करू शकत नाही.”

“आता कसं बरोबर समजलं,” दिगंबरराव मोकळेपणानं म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला. “पण ताई, एक सांगून ठेवतो. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा. विषय निघणार. नोंद न करता नेली, हे तर खरं ना? माझं सोडा. पण लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

“आता काय सांगायचं. दुर्मिळ वस्तू, सोन्याचं काम. म्हणतात, जन्मभर दुसऱ्यांचं तपासलं आणि स्वतःच…” पुढचं त्यांनी हातानं सांगितलं.

मनोरमा पोथी घेऊन घरी चालत आली. सायकल रिक्षात बसायचं सुचलंच नाही. रिटायर व्हायच्या दिवशी अर्धी वापरलेली पेन्सिल स्टोअरमध्ये जमा करून तिची पावती घेणारा तो माणूस. स्टोअरवाले हसले होते. पावती अजून कपाटात होती. खरं म्हणजे तिथल्या तिथे सांगता आलं असतं की पोथी दुरुस्तीसाठी आणली होती, नानांनी एक पान नव्यानं केलंय. पण दोन वर्षं जे काम तिनं स्वतःच नाकारलं, ते कुठल्या तोंडानं पुढे करायचं? आणि न बघितलेल्या पानाबद्दल सांगायचं तरी काय?

लीलाकाकू फाटकातच उभ्या होत्या. लीलाकाकू चाळीस वर्षं भोपाळात राहून मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये भिंत ठेवायच्या फंदात पडलेल्या नव्हत्या.

“मनू, कधीची वाट बघतेय तुझी. झाली जमा?”

“नाही.”

“होणारच नाही. अगं, जाणाऱ्याच्या हातातली शेवटची पोथी. पारायण केल्याबगैर परत करतात का कुठे?”

“कुठल्या शास्त्रात आहे, काकू?”

“सगळं लिहून ठेवलेलं असतं का? काही आपलं आपण समजायचं.”

त्यांच्या मुलाचा, सुभाषचा, गोविंदपुऱ्यात कूलरच्या जाळ्या करण्याचा छोटा कारखाना होता, आणि जगातली कुठलीही अडचण एका दुपारात आणि एका ओळखीत सुटते यावर त्याची श्रद्धा होती. त्यानं पोथी हातात तोलून पाहिली.

“ताई, सुटी पानं हाच प्रॉब्लेम आहे. माझ्या ओळखीचा एक जण फॅक्टरीची आयडी कार्डं लॅमिनेट करतो. एकेक पान लॅमिनेट करून टाकू. मग चहा सांडा, पाण्यात टाका, काही होत नाही.”

“पोथी पाण्यात कशाला टाकायची, सुभाष?”

“उदाहरण दिलं. नाही तर फळ्यांना दोन भोकं मारून रिंग घालून देतो. कॅलेंडरसारखी भिंतीला लटकवता येईल.”

मनोरमानं पोथी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कपाटात सगळ्यात वर ठेवली. तिथून पुढे आठवडाभर जो येई तो पोथीवर उपाय सांगून जाई. कडुलिंबाचा पाला घाला. डांबराच्या गोळ्या घाला. डांबराच्या गोळ्या अजिबात घालू नका. नर्मदेत सोडा. नानांचा फोटो लावलाय त्याच्याखाली ठेवा आणि रोज उदबत्ती. दुःखात माणसाला आधाराची गरज असते असं म्हणतात. मनोरमाला त्या आठवड्यात गरज होती ती दाराला आतून लावायच्या एका जास्तीच्या कडीची.

कडी असती तरी उपयोग नव्हता, कारण किल्ली लीलाकाकूंकडे होती. नाना गेल्यापासून दूधवाल्यासाठी ठेवलेली. बुधवारी मनोरमा शाळेतून आली तेव्हा काकू तिच्याच घरात, तिच्याच टेबलाशी पाट मांडून बसल्या होत्या. समई लावलेली. पोथी उघडी. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची पाच बोटं, ताजी, ओली.

“बारा अध्याय झाले,” काकू समाधानानं म्हणाल्या. “तू काही करणार नव्हतीस, म्हटलं आपणच करून टाकावं. नानाभाऊंना शांती मिळेल.”

मनोरमानं कुंकवाकडे पाहिलंच नाही. ती बासन शोधत होती. ते खुर्चीच्या पाठीवर होतं, नीट घडी घातलेलं. गाठ सोडलेली.

“काकू, गाठ तुम्ही सोडलीत?”

“सुटत नव्हती गं बाई. नानाभाऊंचं सगळंच घट्ट. शेवटी दातांनी सोडली.”

मनोरमा आत जाऊन चहा टाकून आली. दोन कप. साखर विसरली, आणि काकूंनी तो बिनसाखरेचा चहा काही न बोलता पिऊन टाकला. लीलाकाकूंच्या स्वभावात हे बसत नव्हतं. जाताना त्या तिच्या पाठीवर हात फिरवून गेल्या. काकूंवर धड रागावताही येत नव्हतं, हा त्या दिवसाचा सर्वात मोठा वैताग.

इकडे दिगंबररावांना मार्ग सापडला होता. जुन्या ग्रंथांचं एक सर्वेक्षण चालू होतं. त्याच्या तज्ज्ञांनी येऊन पोथी पाहिली आणि प्रमाणपत्र दिलं तर ती ‘नव्याने आढळलेली’ म्हणून रजिस्टरात घेता येत होती. नव्यानं आढळलेल्या वस्तूला, ती आधी कुठे होती, असं कुणी विचारत नाही. “नानांचं नाव मधे येणारच नाही,” दिगंबरराव म्हणाले. यात त्यांना खरोखरच मनोरमाची काळजी होती. नाव मधे न येणं हे तिला हवं होतं की नको होतं, ते मात्र तिला सांगता येईना.

डॉ. मधुकर टेंभेकर एका शनिवारी दुपारी टाऊनशिपमध्ये बरखेड्याला मंडळाच्या खोलीत आले. बारीक, ताठ, खिशात तीन पेनं. पहिला पाऊण तास त्यांच्या फॉर्ममध्येच गेला. त्यात छापलेलं होतं: ‘हस्तलिखित / मुद्रित (एकावरच खूण करावी).’ पोथी छापलेली, पण रंग आणि सोनं हातचं. डॉक्टरांनी मुद्रितवर खूण केली, खोडली, हस्तलिखितवर केली, तीही खोडली आणि नवा फॉर्म मागितला. फॉर्म तीनच आणले होते. तिसऱ्यावर त्यांनी दोन्ही शब्दांच्या बरोबर मधल्या तिरप्या रेघेवर खूण केली आणि पेनाचं टोपण लावलं.

पहिल्या पानावरचं कुंकू पाहून ते हरखले. “हे बघा. परंपरेनं पूजेत असल्याची खूण. दीडशे वर्षांपूर्वी कुणा सवाशिणीची बोटं उमटलीत. आजचं कुंकू असं नसतं.”



मग डॉक्टर पान पान पुढे सरकवत गेले आणि मध्यावर आल्यावर थांबले. खुर्ची सरकवून खिडकीशी गेले. त्यांनी पान उजेडात धरलं तेव्हा मनोरमाला दिसली ती फक्त त्याची कोरी पाठ.

“हे वेगळं आहे,” त्यांचा आवाज खाली आला होता. “बाकीची पानं चांगली आहेत, पण हा हात पाहा. रेघ कुठे थरथरली नाही. आणि सोनं. बाकीच्या पानांत सोन्याचा रंग भरलाय, इथे वर्ख लावलाय. हे पान छापलेलंसुद्धा नाही. हे सगळं हातचं. छापखान्याला नमुना म्हणून एखाद्या उत्तम चित्रकारानं केलेलं असणार. पान एक्केचाळीस. असं मी पूर्वी पाहिलेलं नाही.”

“ते माझ्या वडिलांनी केलंय,” मनोरमा म्हणाली.

मग दिगंबरराव फार हळुवारपणे म्हणाले, “ताई, पाणी देऊ का?”

“मला पाणी नको. मूळ पान नव्हतंच. त्यांनी दोन वर्षं बसून केलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर.”

“बाई,” डॉक्टर म्हणाले, “पस्तीस वर्षं कागद ओळखतोय मी. हा कागद दीडशे वर्षांचा आहे.”

“कागद आहेच दीडशे वर्षांचा. पोथीतलंच कोरं पान घेतलं त्यांनी.”

“तुमचे वडील चित्रकार होते?”

“इन्स्पेक्टर होते. टर्बाइनचे.”

डॉक्टरांनी दिगंबररावांकडे पाहिलं. दिगंबररावांनी डोळ्यांनीच सांगितलं की आत्ताच गेलेत, मुलगी एकटी आहे. ती नजर मनोरमाला पुरती दिसली. वीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला नजरा वाचता येतात. आपण खरं बोलत असताना आपली कीव केली जाते, याचा तिला पूर्वी अनुभव नव्हता.

पुढचं सगळं वेगानं झालं, कारण चुकीची कामं नेहमी वेगानं होतात. मंडळाच्या वर्धापनदिनी पान एक्केचाळीस काचपेटीत ठेवायचं ठरलं. पेटी सुभाषनं करून दिली, कूलरच्या पत्र्याची, आणि ती कूलरसारखीच दिसत होती. अनावरणाला कारखान्याचे मोठे साहेब. पेटीवर लावायची चिठ्ठी दिगंबररावांनी टाइप करून घेतली: ‘अज्ञात चित्रकार. अंदाजे इ.स. १८५०.’

त्या चिठ्ठीनं मनोरमाची झोप नाही, पण जेवण मात्र उडवलं. लोक नानांना चोर म्हणणार नव्हते. ते संकट टळलं होतं. त्याच्या जागी आलं ते त्याहून विचित्र. एकतीस वर्षांत ज्या माणसानं एक खोटा पुर्जा पुढे जाऊ दिला नाही, त्याच्या हातचा नवा पुर्जा जुना म्हणून जगापुढे जाणार होता. नानांना हे कळलं असतं तर त्यांनी पेटीवरच ‘रिजेक्ट’चा शिक्का मारला असता. ताट पुढे घेऊन ती हाच विचार करत बसली होती, आणि लोणच्याच्या बरणीवरचं सोनं समोर चमकत होतं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की नानांना हे आधीच कळलं असणार. बदललेला पुर्जा खुणेशिवाय सोडणं त्यांना जमलंच नसतं. खूण असणार. पानावरच असणार.

तिनं नानांच्या खणातून भिंग काढलं.

वर्धापनदिनी कार्यक्रमाच्या तासभर आधी ती मंडळात पोचली. पेटीवर पडदा, पडद्यामागे स्टुलावर एक माणूस पेटीतली ट्यूब बसवत होता. रमेश मिस्त्री. आता टाऊनशिपच्या वीजदुरुस्तीवर होता, पण आधी वीस वर्षं कारखान्यात मशीनवर.

“मिस्त्रीजी, पेटी खोलिए ज़रा.”

“सचिव साहब ने मना किया है, मैडम.”

“मैं खानझोडे साहब की बेटी हूँ.”

रमेश स्टुलावरून उतरला. त्यानं पेटी उघडली, वर हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. “बीस साल हमारे पुर्ज़े लौटाए साहब ने,” तो म्हणाला. “पास ऐसे बोलते थे, जैसे घर से बेटी बिदा कर रहे हों.”

“पुर्ज़ा बदला हो, तो उस पर क्या निशान लगाते थे?”

“तिकोना. और अंदर इन्स्पेक्टर का नंबर. साहब का सैंतालीस.”

मनोरमानं भिंग पानावर ठेवलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कडेनं वेल फिरत होती. तिच्या प्रत्येक पानाला शीर होती, आणि प्रत्येक शिरेच्या एका बाजूला रंग किंचित गडद, जसा उजेड डावीकडून आल्यावर होतो. आमच्या जेवणाच्या खोलीत उजेड डावीकडूनच येतो, असं तिच्या मनात आलं. मधे नदी होती, घाट होता, घाटावर माणसं. एका म्हाताऱ्याच्या हातात तांब्या होता आणि तांब्यात आभाळाचा निळा ठिपका. त्याच्या शेजारी एक मुलगी पायरीवर बसून काहीतरी वाचत होती. नागपूरच्या ट्रेसिंगमध्ये ही मुलगी असणं शक्य नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटावर कोण मुलगी वाचत बसणार. ती मान वर न करता वाचत होती.

मनोरमानं भिंग पुसलं. मग डोळे पुसले आणि भिंग पुन्हा पुसलं.

“मैडम, यहाँ,” रमेश म्हणाला. खालच्या उजव्या कोपऱ्यात, वेलीच्या सगळ्या गोल पानांत एकच पान त्रिकोणी होतं. त्रिकोणात, केसाएवढ्या रेघेनं, सोन्यावर कोरलेलं: ४७.

दिगंबरराव आले ते साहेबांची गाडी कोपऱ्यावर आली हे सांगतच. पेटी उघडी पाहून त्यांना घाम फुटला. मागोमाग डॉ. टेंभेकर. रमेशनं दोघांनाही खूण दाखवली आणि समजावून सांगितली, तीन वेळा, दर वेळी जास्त मोठ्या आवाजात, जणू दोघांना मशीनच्या आवाजात ऐकू येत नसावं. डॉक्टर भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा आणखी ताठ होते.

“कागद मात्र जुना आहे,” ते म्हणाले. “ते मी बरोबर सांगितलं होतं.”

“अगदी बरोबर सांगितलं होतं,” मनोरमा म्हणाली. तिला त्यांच्याशी भांडायचं उरलं नव्हतं. “पहिल्या पानावरचं कुंकू मात्र आमच्या लीलाकाकूंचं आहे.”

डॉक्टर खुर्चीवर बसले.

दिगंबरराव एकदम उजळले होते. “ताई, म्हणजे नानांनी पोथी दुरुस्तीसाठी नेली होती?”

“दोन वर्षं दुरुस्तीच चालू होती.”

“अहो, मग दुरुस्तीला नेलेल्या वस्तूची इश्यू रजिस्टरात नोंदच नसते. तिचं रजिस्टर वेगळं.” त्यांनी कपाटाच्या तळातून एक हिरवी वही ओढून काढली, धूळ झटकली, आणि पहिल्याच पानावर नानांचं सरळ अक्षर निघालं: पोथी, एक पान कमी, दुरुस्तीसाठी घरी नेली, तारीख, सही. “हे बघा. नोंद आहे. नुसती आणून जमा करायची होती. पंधरा मिनिटांचं काम.”

मनोरमानं एक ते दहा आकडे मोजले. “मी दोन महिने येतेय, दिगंबरराव. हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“तुम्ही दुरुस्ती असा शब्द काढलात का पहिल्या दिवशी?”

तिनं काढला नव्हता.

बाहेर साहेबांच्या गाडीचं दार वाजलं. रमेशनं ‘अज्ञात चित्रकार’ची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि ट्यूब लावली. दिगंबररावांनी पेन उघडलं. “पटकन करून टाकू. दुरुस्त होऊन परत आली, आजची तारीख. शेवटचा रकाना राहिला. ‘दुरुस्ती तपासून घेणाऱ्याचा शेरा.’ हा नाना स्वतःच भरायचे. आता तुम्हीच सांगा, ताई, काय लिहू?”

मनोरमा पेटीकडे वळली. दिव्याखाली पान झगझगत होतं. पायरीवरची मुलगी वाचत होती.

“पास,” ती म्हणाली. मग दिगंबररावांकडे न बघता, काचेकडे बघत, दारातल्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा एकदा म्हणाली, “बघितलं, नाना. नीट उजेडात बघितलं. पास.”